पत्र्यात करंट उतरतो त्याआधीचे तास

दौंड तालुक्यातल्या दापोडीत १७ जून २०२४ च्या सोमवारी सकाळी एकाच घरातली तीन माणसं विजेच्या धक्क्याने गेली. कपडे वाळत घालायची तार धातूची होती, पत्र्याच्या खोलीला बांधलेली होती, आणि तिच्यात करंट उतरलेला होता. घरातला कर्ता माणूस त्या तारेला चिकटला. त्याला सोडवायला बायको आणि तरणा मुलगा धावले, तेही गेले. यवत पोलिसांच्या हद्दीतली ही घटना. जिल्ह्याच्या नकाशावर दौंड आणि आंबेगावच्या मध्ये फक्त शिरूर तालुका आहे.

खाली जे घड्याळ लावलं आहे ते दापोडीचं नाही, आपल्याकडचं आहे. नारायणगाव आणि मंचरच्या मधे, पुणे-नाशिक महामार्गापासून थोडं आत, चार पत्र्याच्या खोल्यांची एक चाळ. ही चाळ मी रचली आहे. तिच्यातल्या वायरी, खिळे आणि बोलणी मात्र जुन्नर-आंबेगावात कुठल्याही वळणावर पाहायला-ऐकायला मिळतात. मधल्या तासांत ज्या घटना तारखेसह येतात त्या खऱ्या आहेत.

दोन वर्षं आधी, दुपारी चार

चाळ बांधून झाली आहे. अँगलचा सांगाडा, वर पत्रे, बाजूने पत्रे, खाली कोबा. टोमॅटोच्या हंगामात मजूर येतात, कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीचे मुकादम विचारतात, एरवी कुणी ना कुणी भाडेकरू असतोच. मालकाला खोल्या लवकर भाड्याने लावायच्या आहेत. वायरिंगला गावातलाच एक पोरगा येतो. हाताला सफाई आहे, वागायला चांगला आहे, कुणाच्या तरी हाताखाली दोन वर्षं काम केलं आहे. परवाना नाही. तो मीटरपासून पहिल्या खोलीत वायर नेतो, तिथून पत्र्याला भोक पाडून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. भोकाला पाइप नाही, रबर नाही. कापलेल्या पत्र्याची धार वायरच्या अंगाला लागून आहे. हिरवी वायर आणलेलीच नाही, कारण, "अर्थिंगला खड्डा घ्यायचा तर अजून तीन-चार हजार जातात, दादा. अन् लाइट तर दोन वायरींवरच लागतो."

लाइट दोन वायरींवर लागतो हे खरंच आहे. अर्थिंग नसलेलं घर वर्षानुवर्षं चालतं. पंखा फिरतो, टीव्ही लागतो, मोबाइल चार्ज होतो. ज्या एका दिवशी अर्थिंग लागतं त्या दिवसापर्यंत ते नाही हे कुणाला कळतही नाही.

महावितरणची नवी जोडणी घ्यायला टेस्ट रिपोर्ट लागतो. परवानाधारक विद्युत ठेकेदाराने वायरिंग तपासून त्यावर सही-शिक्का द्यायचा असतो. ही सही बऱ्याचदा चाळीपर्यंत येतच नाही. कागद सहीकडे जातो, पैसे देऊन परत येतो. मी हे फार ठिकाणी पाहिलं आहे आणि मला याचा राग आहे. ज्याला परवाना नाही तो निदान शिकलेला नसतो. ज्याला परवाना आहे आणि जो न बघता सही करतो, त्याला सगळं माहीत असतं.

नियम या बाबतीत अगदी सरळ आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षेचे नियम केले, २०२३ साली नव्याने केले. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंगचं नवं काम, वाढीव काम, दुरुस्ती हे सगळं राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारामार्फत आणि सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हायला हवं. महाराष्ट्रात हे परवाने विद्युत निरीक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात: तारतंत्री, पर्यवेक्षक आणि ठेकेदार. आयटीआयमधून वीजतंत्री आणि तारतंत्रीचा कोर्स करून दरवर्षी पोरं बाहेर पडतात, त्यांतली कितीतरी आपल्याच वाड्या-वस्त्यांवरची असतात. म्हणजे परवान्याचा माणूस पुण्याहून आणावा लागतो असं नाही. तो ओतूरला, घोडेगावला, आळेफाट्याला भेटतो. त्याला बोलावत नाहीत, कारण तो खड्ड्याचे पैसे मागतो.

अकरा महिने आधी

चौथ्या खोलीला वीज हवी आहे. तिसऱ्या खोलीच्या बोर्डातून एक वायर काढून छतावरून नेतात आणि खिळा ठोकून पत्र्याला अडकवतात. मधे एक जोड आहे, त्यावर चिकटपट्टी. काम अर्ध्या तासात उरकतं. त्याच आठवड्यात कुणीतरी या खोलीच्या अँगलपासून समोरच्या लोखंडी खांबापर्यंत बांधायची तार ओढतो. भाडेकरणीला कपडे वाळत घालायला सोय होते.

आदल्या दिवशी, सायंकाळी सहा

जूनचा महिना. दिवसभर उकडून सायंकाळी वादळी पाऊस येतो. आपल्याकडे तो आला की आधी धूळ येते, मग पत्रे वाजतात. छतावरचा एक पत्रा खिळ्यातून सैल होऊन वर-खाली आपटतो. त्याच्या कडेखाली चौथ्या खोलीची वायर आहे. अकरा महिन्यांचं ऊन खाऊन तिचं प्लॅस्टिक कडक झालेलं आहे. एकेका आपटीला पत्र्याची धार थोडी थोडी आत जाते.

साडेसात

लाइट जाते. सगळ्या वस्तीची गेली आहे, म्हणजे लाइनचा फॉल्ट. १९१२ वर फोन जातात, कुणी थेट महावितरणच्या वायरमनला लावतो. तो भिजत खांबावर चढतो, तासाभरात लाइट येते. या लोकांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. वादळात खांबावर चढणं हे जिवावरचं काम आहे.

त्याच वायरमनला नंतर कुणी म्हणतं, "साहेब, आमच्या खोलीत बल्ब कमी-जास्त होतोय, जरा बघता का?" तो बघतो, कधी पेचकस लावून काही घट्ट करतो. उपकार म्हणून करतो. पण कंपनीची जबाबदारी मीटरपर्यंत असते. मीटरच्या पुढची प्रत्येक वायर, प्रत्येक जोड, प्रत्येक बोर्ड ही ग्राहकाची आणि घरमालकाची जबाबदारी. त्या हद्दीत नेमका माणूस मालकाने आणायचा असतो, आणि भाड्याच्या खोलीत हा मालक बहुधा दुसरीकडे राहतो.

रात्री दहा

चौथ्या खोलीतली बाई दाराची कडी लावताना हात मागे घेते. बोटांना झिणझिण्या आल्या. नवरा हात लावून बघतो. त्याच्या पायात रबरी चप्पल आहे, त्याला काही जाणवत नाही. तो मालकाला फोन करतो.

"मालक, पत्र्याला हात लावला की करंट मारतोय."

"पाऊस झालाय ना, ओल येते जरा. चपला घालून वावरा. सकाळी पोराला पाठवतो."

या सगळ्या तासांत वाचायची संधी कुठे होती असं विचाराल तर ती इथे होती, रात्री दहा वाजता. पत्रा, नळ, फ्रिजचं दार, मोटरची बॉडी, वॉशिंग मशीन, यांतल्या कशालाही हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर त्याचा अर्थ एकच: फेज धातूपर्यंत पोचला आहे. ओल करंट तयार करत नाही. ओल त्याला वाट देते. झिणझिण्या कमी जाणवल्या कारण पाय कोरडे होते किंवा चप्पल होती. सकाळी पाय ओले असतील. मेन स्विच त्याच क्षणी पाडायचा, सगळ्या खोल्यांचा पाडायचा, आणि रात्र अंधारात काढायची. चार कुटुंबांनी एक रात्र पंख्याविना काढली असती.

मालक दुष्ट नाही. त्याला खरंच वाटतं की पावसाळ्यात असं होतच असतं. त्याच्या बापाच्या घरातही होत होतं.

बारा

चाळीच्या मागे उसाचं रान आहे. शेतीपंपाची पाळी या आठवड्यात रात्रीची आली आहे. एक शेतकरी बॅटरी घेऊन बांधावरून निघतो, बरोबर कुत्रं. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत, रात्री उसाच्या कडेने चालणं म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. दिवसा वीज द्या ही मागणी बिबट्यामुळे आहे, आणि ती रास्त आहे.

पण त्याच्या वाटेवर दुसरंही एक जनावर बसलेलं आहे. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला झाकण नाही. कपॅसिटर उघडा आहे. किटकॅटमध्ये फ्यूजच्या तारेऐवजी तांब्याची जाड तार पिळून घातली आहे, कारण बारीक तार सारखी उडत होती. ती उडत होती कारण मोटर जास्त अँपिअर ओढत होती, आणि उडणं हेच तिचं काम होतं. पेटी लोखंडी, अर्थिंग नाही, पाय चिखलात. अंधारात बॅटरी तोंडात धरून तो बटण दाबतो. आज काही होत नाही.

कुंपणाच्या तारेत डुकरांसाठी थेट लाइनचा करंट सोडणारेही आहेत. त्याने डुक्कर मरतं, बिबट्या मरतो, शेजाऱ्याचं पोरही मरतं. बॅटरीवरचं झटका मशीन वेगळं. ते क्षणभराचा झटका देऊन सोडतं. लाइनचा करंट सोडत नाही.

दीड

रात्रीची ही वेळ महाराष्ट्राने विसरू नये. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमारास भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. सतरा बाळं होती, सात वाचवता आली. दहा गेली, बहुतेक धुराने गुदमरून. चौकशी समितीने आगीचं मूळ बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरमधल्या शॉर्टसर्किटमध्ये दाखवलं. सरकारने अधिकारी निलंबित केले, परिचारिकांवर गुन्हेही दाखल झाले. रात्री जागणाऱ्या परिचारिकेपर्यंत पोचणारी शिक्षा त्या कक्षाच्या वायरिंगची, उपकरणांची आणि आगीच्या बंदोबस्ताची तपासणी ज्यांनी करून घ्यायची होती त्यांच्यापर्यंत किती पोचली, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

तीन

खोडदला आकाशाकडे तोंड करून जीएमआरटीच्या तबकड्या उभ्या आहेत. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० दुर्बिणी आपल्या परिसरात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी त्या ऐकतात. वीजवाहिन्यांवर सैल जोडात ठिणगी पडली की तीही रेडिओ लहरी सोडते, आणि त्या दुर्बिणींच्या कामात गोंगाट होतो. जीएमआरटीच्या लोकांना या ठिणग्यांचा पाठलाग करत खांबांपर्यंत जावं लागतं. आपल्या अंगणातला सैल जोड असा कुणाला तरी ऐकू जात असतो. चौथ्या खोलीच्या छतावर चिकटपट्टीखाली तेच चाललं आहे, पण तिथे ऐकणारं कुणी नाही.

साधारण याच वेळी, सव्वातीनच्या सुमारास, २३ एप्रिल २०२१ रोजी विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात दुसऱ्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागात आग लागली. एसीपासून. कोविडचे तेरा रुग्ण त्यात गेले, नंतर आकडा वाढला.

पाच

धंद्याच्या जागेची वेळ ही. दुकान बंद असतं, पण फ्रिज, इन्व्हर्टर, पाटीचे दिवे चालू असतात. पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीच्या पूर्णानगरात ३० ऑगस्ट २०२३ रोजी, राखी पौर्णिमेच्या पहाटे, एका हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली. दुकानातच झोपलेलं चौघांचं कुटुंब, आई-वडील आणि दोन मुलं, गेलं. शॉर्टसर्किटचा प्राथमिक अंदाज होता. रंग, थिनर, प्लॅस्टिक असलेल्या जागेत आग लागली की शटरपर्यंत जायला वेळ मिळत नाही.

नारायणगावच्या बाजारपेठेत, मंचरच्या, जुन्नरच्या जुन्या पेठेत खाली दुकान आणि वर घर अशी वहिवाट आहे. लाकडी माडी, खाली फ्रिज वाढले, एसी आले, मीटर मोठा झाला, भिंतीतली वायर मात्र आजोबांच्या काळातलीच राहिली. एक एमएमच्या वायरवर दिव्यांचा भार चालतो. तिच्यावर डीप फ्रीझर टाकला की ती रोज थोडी तापते, आणि रोज तापणारी वायर एके दिवशी पेटते. एमसीबी वारंवार पडते म्हणून तिच्या जागी मोठी एमसीबी बसवणं ही धंद्याच्या जागेत सर्रास होणारी गोष्ट आहे. बत्तीसची एमसीबी बसवली की ती पडत नाही. त्यानंतर वायर जळते.

भार वाढला की आधी वायर बदलायची आणि मग एमसीबी. हे सांगणारा माणूस महाग वाटतो. दूध संकलन केंद्र, कोंबड्यांची शेड, द्राक्षांचं पॅकहाउस, मंगल कार्यालय, पीठगिरणी यांतल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा त्या माणसाला बोलवावं, त्याच्याकडून मेगर लावून घ्यावा आणि आकडा लिहून घ्यावा. मेगर हे यंत्र वायरच्या प्लॅस्टिकमधून वीज किती झिरपते ते मोजतं. इन्सुलेशन एक मेगाओमच्या खाली आलं की वायर दिसायला कितीही चांगली असो, ती उतरवायची. परवान्याचा वायरमन आणि हाताला सफाई असलेला पोरगा यांच्यातला खरा फरक हाच आहे: पोरगा दिवा लागला की काम झालं म्हणतो, वायरमन मोजल्याशिवाय म्हणत नाही.

पावणेसहा

पाऊस थांबला आहे. कोबा ओला, अंगण ओलं, छतावर वायरचं तांबं पत्र्याला टेकलेलं. संपूर्ण चाळ, म्हणजे चार खोल्यांचे पत्रे, सांगाडा, दाराच्या कड्या आणि त्या अँगलला बांधलेली कपड्यांची तार, आता २३० व्होल्टवर आहे. मीटरपाशी सोळा अँपिअरची एमसीबी आहे आणि ती शांत आहे. तिने पडावं असं काही घडलेलंच नाही. पत्रा कोब्यावर विटांच्या थरावर उभा आहे, जमिनीत एमसीबी पडण्याइतका करंट जात नाही.

इथे थोडं गणित करायला हवं, कारण "एमसीबी बसवली आहे, काळजी नाही" असं मी फार माणसांच्या तोंडून ऐकतो. ओल्या पायांच्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण हजार ते दोन हजार ओहम धरतात. २३० व्होल्टला दीड हजाराने भागलं तर दीडशे मिलिअँपिअर येतात. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. तीसच्या वर जीव धोक्यात येतो. दीडशेला हृदयाचा ताल काही क्षणांत बिघडतो. सोळा अँपिअर म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. एमसीबीच्या दृष्टीने मरणारा माणूस म्हणजे पस्तीस वॅटचा एक बल्ब. ती वायरला वाचवते, माणसाला नाही.

माणसाला वाचवते ती आरसीसीबी. फेजने जितका करंट गेला तितका न्यूट्रलने परत येतो का, हे ती सतत ताडून पाहते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या अंशात लाइन तोडते. घरच्या मापाची दोन हजार रुपयांच्या आसपास मिळते. २०१० च्या नियमांनी असं उपकरण बसवणं बंधनकारक केलं तेव्हा पाच किलोवॅटच्या आतल्या लहान घरगुती जोडण्यांना त्यातून सूट दिली होती. पत्र्याची खोली, एक पंखा, दोन बल्ब, एक टीव्ही: ही ती लहान जोडणी. ज्यांच्या भिंती धातूच्या, ज्यांचे पाय ओल्यात, त्यांनाच सूट. कागदावर ज्याने ती लिहिली त्याने पत्र्याच्या खोलीत पावसाळा काढला नसावा.

आणि नुसतं अर्थिंग केलं म्हणजे झालं असंही नाही. आपल्या पश्चिम पट्ट्यात, आहुपे-माळशेजच्या बाजूला, मुरूम आणि कातळ लवकर लागतो. तिथे अर्थिंगचा रोध कमी ठेवायला खड्डा खोल आणि नीट भरलेला लागतो. पूर्वेकडे बेल्हे-आळ्याच्या कोरड्या रानात उन्हाळ्यात तो खड्डा सुकतो, पाणी घालत राहावं लागतं. पाच ओहमचं चांगलं अर्थिंग मिळालं तरी फॉल्टचा करंट शेहेचाळीस अँपिअरच्या आसपास जाईल, आणि सोळाची एमसीबी पडायला त्यावर काही सेकंद लागू शकतात. त्या सेकंदांत पत्र्याला हात लावला तर? म्हणून दोन्ही लागतात, अर्थिंग आणि आरसीसीबी, जोडीने. ती जोडी असती, तर आदल्या सायंकाळी वायर सोलून तांबं पत्र्याला टेकलं त्याच क्षणी लाइन तुटली असती. वैतागून कुणीतरी सकाळी वायरमनला बोलावलं असतं.

साडेसहा

नळाला पाणी आलं आहे. बादल्या भरतात. पोरांच्या शाळेची गडबड. चौथ्या खोलीतला माणूस दाराबाहेरच्या दगडावर बसून अंघोळ करतो. चप्पल दगडाच्या बाजूला काढलेली.

सात

तो ओला टॉवेल पिळतो आणि तारेवर टाकतो.

दापोडीत जे घडलं ते पुन्हा लिहीत नाही.

सात वाजून एक मिनिट

आता जो बाहेर येईल त्याच्याबद्दल. घरातलं माणूस चिकटलेलं दिसल्यावर त्याला ओढायला हात जाणं हे इतकं स्वाभाविक आहे की त्याला चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण जो हात लावतो तो त्याच करंटची पुढची वाट होतो. हे सांगायची वेळ तेव्हा नसते. ते आधीच सांगून ठेवावं लागतं, घरातल्या प्रत्येकाला, दहा वर्षांच्या पोरीलासुद्धा: आधी मेन स्विच. मेन कुठे आहे हे प्रत्येकाला अंधारात सापडलं पाहिजे. पत्र्याच्या चाळीत तो बहुतेकदा मालकाच्या कुलपात असतो, आणि हे कुलूप माझ्या मते गुन्हा आहे. मेन पाडता येत नसेल तर कोरडा बांबू, लाकडी फळी, प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन, स्वतः कोरड्यावर उभं राहून, माणसाला तारेपासून ढकलायचं. ओला बांबू नको. लोखंडी काही तर नकोच. माणूस सुटला आणि श्वास दिसत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भराभर दाबत राहायचं, १०८ ची गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. विजेने थांबलेलं हृदय पहिल्या काही मिनिटांत परत चालू होण्याची शक्यता असते. माणूस थंड लागतोय म्हणून सोडून देऊ नये.

विजेच्या धक्क्याने आपल्या देशात वर्षाला बारा हजारांहून जास्त माणसं मरतात, अशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची अलीकडच्या वर्षांची नोंद आहे. एकेकट्याने मरतात, शेतात, अंगणात, मोरीत. एखाद्या घटनेत तीन मृत्यू झाले तर पहिल्या पानावर येतात, एरवी तालुक्याच्या पुरवणीत चार ओळी.

आठ

पोलीस येतात, महावितरणचे लोक येतात. वीज अपघाताची खबर विद्युत निरीक्षकाकडे जाते, तो चौकशीला येईल. वायरिंग कुणी केलं, परवाना क्रमांक काय, टेस्ट रिपोर्टवर कुणाची सही, हे तो विचारेल.

उरलेल्या तीन खोल्यांत माणसं राहतात, आणि त्यांना पाणी चढवायला मोटर हवी आहे. मालक पोराला फोन करतो, आणि पोरगा सांगतो की चौथ्या खोलीची वायर काढून टाकली की बाकीची लाइन सुरू करता येईल. ती सुरू करू देऊ नका. जुन्नर-आंबेगावात जिथे कुठे अशी एका मीटरवरची चाळ असेल तिथल्या मालकाला, भाडेकरूला, ग्रामपंचायतीच्या सदस्याला माझं हे थेट सांगणं आहे, अपघात झालेला असो वा नसो. परवानाधारक ठेकेदाराकडचा वायरमन बोलवा, परवाना दाखवा म्हणा, मुदत बघा. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही. तो आधी मेन पाडेल, टेस्टरने पत्रा तपासेल, छतावरची प्रत्येक वायर उतरवून पाइपात घालेल, पत्र्याच्या भोकांना बुश बसवेल. सांगाड्याला आणि बोर्डाला हिरवी वायर जोडून ती खड्ड्यापर्यंत नेईल. मीटरशेजारी आरसीसीबी लावेल आणि तिचं चाचणीचं बटण तुमच्या हातून दाबून घेईल, दर महिन्याला असंच दाबा म्हणून सांगेल. कपड्यांची तार काढून नायलॉनची दोरी बांधायला लावेल. मग मेगर लावेल, अर्थिंग मोजेल आणि दोन्ही आकडे बिलावर लिहून देईल. चार खोल्यांचं हे काम दोन माणसांना दीड-दोन दिवस लागतात. पावसाची वाट बघू नका, मे महिन्यातच करून घ्या. खड्डा कोरड्या जमिनीत घेतला तर अर्थिंग उन्हाळ्यातही टिकेल की नाही हे त्याच वेळी कळतं.